पाणी पिणारी लेझर: एका जुन्या शर्यतीच्या बोटीचं प्रकरण

तक्रार एवढीच होती की बोट जड लागते. मुंबई बंदरात हौसेने शर्यती करणाऱ्या एका मालकाची ही लेझर, म्हणजे एका नाविकाची छोटी शिडाची बोट. वय वीस वर्षांच्या आसपास, तिसऱ्या हाताची. आठ-दहा नॉट (ताशी सुमारे १५ ते १८ किलोमीटर) वाऱ्यात पहिल्या फेरीला ती इतरांच्या बरोबरीने चालायची, दुसऱ्या फेरीला मागे पडायची, आणि तासा-दीड तासाने वाऱ्यावर चढताना, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने पुढे जाताना, तिची नाळ (पुढचं टोक) जवळजवळ प्रत्येक लाटेत घुसायची. दोन मोसम हेच चाललं. मालकाने निष्कर्ष काढला की शीड जुनं झालंय, आणि नव्या शिडाची चौकशी सुरू केली.

शीड जुनं होतंच. पण जुनं शीड पहिल्या फेरीलाही जुनंच असतं. तासाभरात बिघडत जाणारी चाल म्हणजे बोटीत तासाभरात काहीतरी वाढतंय, आणि बंद खोक्यात वाढू शकतं ते पाणी.

बोटीची बांधणी थोडक्यात सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. लेझर ४.२३ मीटर लांब आणि १.३७ मीटर रुंद. सुकाणू, डॅगरबोर्ड (बोटीतून खाली पाण्यात सरकवायची उभी फळी), डोलकाठी सगळं उतरवलं की नुसतं खोकं सुमारे ५९ किलो. कॅनडाच्या ब्रूस कर्बीने १९६९ मध्ये तिचं पहिलं रेखाटन केलं ते गाडीच्या टपावर टाकून नेता येईल अशी बोट म्हणून. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून ती ऑलिंपिक वर्गात आहे. २०१९ पासून तिचं अधिकृत नाव इल्का झालं असलं तरी किनाऱ्यावर सगळे लेझरच म्हणतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताचे विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमनन याच बोटीच्या दोन प्रकारांत उतरले होते. हा 'एकच आराखडा' असलेला वर्ग आहे. सगळ्यांची बोट सारखी, त्यामुळे पाच-सात किलोचा फरक दुसऱ्या कशाने भरून काढता येत नाही.

तळ म्हणजे फायबरचा एकेरी पत्रा, वर डेक म्हणजे फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये फोम, आणि दोन्ही कडेने चिकटवलेले. मधली पोकळी बंद. तिच्यात तरंगण्यासाठी जुन्या बोटींत फोमचे ठोकळे असतात, नव्या बोटींत हवेच्या प्लास्टिक पिशव्या. या पोकळीला जाणूनबुजून ठेवलेल्या वाटा दोनच: ट्रान्समवर, म्हणजे मागच्या उभ्या भिंतीवर, पाणी काढायचं बूच, आणि कॉकपिटच्या, म्हणजे नाविक पाय ठेवतो त्या खळग्याच्या, पुढच्या भिंतीत, डेकच्या ओठाखाली, हवेसाठी एक बारीक भोक. हे भोक लक्षात ठेवावं.

आधी दोन आकडे

'थोडंसं पाणी येतं' ही नोंद नव्हे. बोट किनाऱ्यावर आली की धुण्याआधी ट्रॉलीवर नाळ उचलून बूच काढायचं आणि निघेल ते पाणी बादलीत धरून मापाने मोजायचं. जुन्या बोटीतून दोन तासांनी कपभर निघालं तर कोणी चिंता करत नाही. या बोटीतून ७ लिटर निघालं. ७ किलो जादा वजन हा त्यातला कमी वाईट भाग. पोकळीत ते पाणी मोकळं हिंडतं. नाळ लाटेत खाली गेली की सगळं पुढे धावतं आणि तिला खालीच दाबून धरतं. नाविक मागे सरकला की तेही मागे येतं आणि ट्रान्सम पाण्यात ओढतं. बोट कधीच स्थिर बसत नाही.

दुसरा आकडा पाणी काढून टाकल्यानंतरच्या वजनाचा. त्यासाठी प्रवासी बॅगा तोलायचे दोन टांगते काटे पुरतात, प्रत्येकी ५० किलोपर्यंतचे. एक पट्टा नाळेकडे, एक मागे, दोन्ही काटे तुळईला, बोट जमिनीवरून चार बोटं उचलायची आणि दोन्ही आकडे मिळवायचे. वारा नसताना, तीन वेळा. या बोटीची बेरीज ६६.४ किलो आली. बूच कोरडं होऊनही जवळजवळ साडेसात किलो कुठेतरी मुरलेलं होतं, म्हणजे फोममध्ये.

गळती शोधताना

जुन्या लेझरमध्ये संशयितांची यादी ठरलेली असते. डोलकाठी ज्या नळीत उभी राहते ती मास्ट स्टेप सगळ्यात वर. मग कॉकपिटमधला बेलर (तिथलं पाणी खाली बाहेर सोडणारी झडप), सुकाणूच्या बिजागऱ्यांचे स्क्रू, डॅगरबोर्डच्या पेटीचा खालचा सांधा, बुचाची रबरी रिंग, आणि शेवटी डेक-तळाचा कडेचा जोड. शोधाला सुरुवात साध्या पाण्याने करावी.

बोट सपाट ठेवून मास्ट स्टेप काठोकाठ भरली. त्या पाण्यात चिमूटभर खायचा लाल रंग घातला. नळी तळाशी बंद असते, त्यामुळे पातळी हलायला नको. वीस मिनिटांत ती ४ सेंटीमीटर उतरली. नंतर नाळ उचलल्यावर बुचातून लालसर पाणी आलं. एवढ्यावर वादाला जागा उरत नाही, तरी पुढची चाचणी टाळू नये, कारण नळी गळणं आणि नळी सैल होणं हे दोन वेगळे आजार आहेत आणि दुसरा जास्त घातक.

डोलकाठीचा फक्त खालचा तुकडा बसवला. एकाने त्याचं वरचं टोक धरून पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे खेचलं. दुसऱ्याने एक तळवा बोटीच्या तळाला, नळीच्या बरोबर खाली लावला आणि दुसऱ्या हाताची बोटं डेकवर नळीच्या काठाशी ठेवली. डेक जागेवर होतं. तळाचा पत्रा मात्र प्रत्येक झटक्याला किंचित हलत होता, आणि डावीकडे खेचलं की आतून 'टक्' असा कोरडा आवाज यायचा. नळीचं बूड तळाला धरून राहिलेलं नव्हतं.

तिसरी चाचणी साबणाची. पोकळीत किंचित हवा भरायची, सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडे पाहायचे. हवा बुचाच्या भोकातून नळीने तोंडाने फुंकायची, गाल फुगतील एवढीच. कॉम्प्रेसर कोणी आणलाच तर त्याला हात जोडून परत पाठवावं. ०.१ बार हा दाब सायकलच्या चाकाच्या हिशेबाने काहीच नाही, पण तो दर चौरस मीटरला सुमारे हजार किलो होतो, आणि लेझरचं वरचं अंग चार चौरस मीटरच्या घरात जातं. डेक फोमपासून सुटायला यापेक्षा बरंच कमी पुरतं.

फुंकण्याआधी कॉकपिटमधल्या हवेच्या भोकावर चिकटपट्टी लावावी लागते. इथे या प्रकरणाला वळण मिळालं, कारण पट्टी लावायला भोकच सापडेना. डेकच्या ओठाखाली बोट फिरवल्यावर एक गुळगुळीत टेंगूळ लागलं. कोण्या आधीच्या मालकाने ते पुटीने बंद केलं होतं. हेतू चांगलाच असणार: बोटीत पाणी येतंय, भोक दिसतंय, तर बुजवा!

भोक बुजवल्याने काय झालं

एप्रिल-मेच्या दुपारी किनाऱ्यावर ठेवलेल्या बोटीतली हवा सहज ५० अंशांपर्यंत तापते. बोट पाण्यात उतरली की तळ थंड होतो आणि हवा ३० अंशांच्या आसपास येते. पोकळी अंदाजे ५०० लिटरची धरली, तर वीस अंशांच्या फरकाने हवेचं आकारमान सुमारे ६ टक्क्यांनी, म्हणजे ३० लिटरने, आकसायला पाहते. भोक उघडं असेल तर तेवढी हवा कॉकपिटमधून आत येते आणि विषय संपतो. भोक बंद असेल तर पोकळीत ओढ तयार होते, आणि पाण्याला लागून असलेल्या प्रत्येक फटीतून बोट पाणी शोषायला लागते. लाटांनी भरलेली मास्ट स्टेप, पाण्याखालचा बेलर, पाण्याच्या रेषेजवळचे बिजागरीचे स्क्रू, सगळीकडून. एरवी थेंब-थेंब झिरपणारी फट अशा ओढीखाली धार देते. बोट पहिल्या फेरीला चांगली आणि मग जड, याचं कोडं इथे सुटतं. पाणी शोषायला वेळ लागतो.

उलट दिशेचा त्रासही आहेच. पाण्यातून काढलेली बोट बूच न काढता उन्हात ठेवली की आतली हवा फुगते आणि डेक व तळ यांना एकमेकांपासून दूर ढकलते. डेक आणि तळ यांना मधोमध जोडणारा खांब म्हणजे मास्ट स्टेपची नळीच. तिच्या बुडाचा जोड सुटायला डोलकाठीच्या धक्क्यांबरोबर या रोजच्या ताणाचाही हात असणार. म्हणून किनाऱ्यावर आल्यावर पहिलं काम बूच काढण्याचं, कपडे बदलणं नंतर.

साबणाच्या चाचणीत बुडबुडे तीन ठिकाणी आले. मास्ट स्टेपमध्ये पाच सेंटीमीटर पाणी ठेवलं होतं, त्यात तळातून सलग साखळी आली. बेलरच्या मागच्या कडेला बारीक फेस, आणि खालच्या बिजागरीच्या एका स्क्रूभोवती थांबून थांबून एकेक बुडबुडा. डॅगरबोर्डची पेटी आणि कडेचा जोड निर्दोष निघाले.

मास्ट स्टेपचा तळ का झिजला, याचं उत्तर नळीतच होतं: दोन चमचे वाळू. लेझरची डोलकाठी दोऱ्यांनी बांधलेली नसते. प्रत्येक टॅकला आणि जाइबला, म्हणजे बोट वळून शीड दुसऱ्या बाजूला गेलं की, ती बूमबरोबर (शिडाच्या खालच्या आडव्या दांडीबरोबर) नळीत फिरते. बुडाशी वाळू असेल तर काठीचं टोक आणि नळीचा तळ यांच्यात पॉलिश पेपर घातल्यासारखंच झालं. दोन मोसमांत भोक पडायला एवढं पुरतं. काठी बसवण्याआधी तिचं बूड ओल्या फडक्याने पुसणं आणि नळीत बाटलीभर पाणी ओतून स्पंजने टिपणं, याला अर्धा मिनिट लागतो.

वरून रेझिन ओतायचं की आत हात घालायचा

सोपा आणि फार वापरला जाणारा उपाय म्हणजे नळीत वरून थोडं रेझिन ओतून भोक बंद करणं. गळती थांबते. पण या बोटीचं बूड तळापासून सुटलेलं होतं, आणि तिथे किती जोर येतो याचा ढोबळ हिशेब केला की हा उपाय बाद होतो. ७५ किलोचा नाविक पूर्ण बाहेर लटकला की त्याचं वजन मध्यरेषेपासून सुमारे १.२ मीटरवर पडतं, म्हणजे ९० (किलो गुणिले मीटर) एवढा पीळ. तेवढाच पीळ शिडाकडून डोलकाठीमार्फत नळीत येतो, आणि नळी जेमतेम ३३ सेंटीमीटर खोल. डेकच्या काठाशी एका बाजूला आणि बुडाशी विरुद्ध बाजूला प्रत्येकी सुमारे २७० किलो. हा शांत पाण्याचा आकडा. वारा पाठीवर घेऊन उतरताना नाळ लाटेत रुतली आणि बोट जागीच अडली की धक्का याहून पुष्कळ मोठा. बूड सुटलं की सगळा भार डेकवर येतो, डेक फाटतं आणि डोलकाठी नळीसकट उखडते. हे उधाणाच्या ओहोटीत, बंदराच्या तोंडाशी घडलं तर ती दुरुस्तीची गोष्ट राहत नाही.

म्हणून डेकला तपासणीचं झाकण बसवून आतून काम करायचं ठरलं. वर्गनियमांत अशा झाकणाचा आतला व्यास १५३ मिलीमीटरपर्यंत चालतो. बाजारातलं सहा इंची झाकण त्यात बसतं, आणि त्याहून लहान झाकणातून कोपरापर्यंत हात जात नाही. जागा नळीच्या मागे, किंचित उजवीकडे, नळीच्या मध्यापासून साधारण २२ सेंटीमीटरवर घेतली. कापण्याआधी एकाने हात लांब करून पाहावं की बोटं नळीच्या पलीकडच्या बाजूला पोचतात का; कापल्यावर हे कळून उपयोग नाही.

कापलेली चकती टाकू नये. तिच्यावर डेकची जाडी कळते, आणि तिचा फोम चिमटीत दाबून पाहिला की डेक ओलं आहे की नाही हेही कळतं. इथे बोटाला ओल लागली. भोकाच्या कडेचा फोम ५–६ मिलीमीटर आत कोरून त्या खाचेत घट्ट केलेलं इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारं रेझिन) भरलं, नाहीतर झाकणाच्या स्क्रूंमधूनच डेक पुन्हा पाणी प्यायला लागतं.

आत आरसा आणि टॉर्च घालून पाहिल्यावर नळीच्या बुडाभोवतीची लाकडी कडी दिसली, जी रेझिनने तळाला चिकटवलेली असते. तिच्या डाव्या-मागच्या अर्ध्या परिघाखाली पातळ पातं सहज सरकलं. लाकूड मात्र सुईने टोचल्यावर कडक लागलं. ते कुजलेलं असतं तर कडी काढून नवी बसवावी लागली असती आणि काम तिप्पट झालं असतं.

वाळवणं

इथे बहुतेक दुरुस्त्या बिघडतात. बोट समुद्रात वापरलेली, म्हणजे आत मीठ, आणि मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं. त्यामुळे वाळवण्याआधी पोकळी गोड्या पाण्याने धुवावी लागते, हे कितीही उलटं वाटलं तरी. दहा-दहा लिटर दोनदा आत घालून, बोट हलवून, बुचातून काढलं. मग छपराखाली, बूच काढून, झाकणाच्या भोकावर टेबलफॅन उपडा ठेवला आणि रोज संध्याकाळी वजन घेतलं. मुंबईत एप्रिलमध्येही हवा दमट, त्यामुळे घाई चालत नाही. बारा दिवसांत ६६.४ वरून ६१.३ किलो झालं आणि पुढचे तीन दिवस काटा हलला नाही. तीन दिवस सारखं वजन म्हणजे निघायचं ते निघालं. उरलेले दोन-सव्वादोन किलो डेकच्या फोममध्ये अडकलेलं पाणी आणि वीस वर्षांच्या किरकोळ दुरुस्त्या. त्यासाठी डेक उघडणं परवडणारं नव्हतं.

घाईसाठी हीटगन किंवा आत पेटता बल्ब ठेवायचा मोह होतो. फोमला आणि जेलकोटला (बोटीच्या बाहेरच्या चकचकीत थराला) दोन्ही मानवत नाहीत, आणि बंद पोकळीत अ‍ॅसिटोनने पुसल्यानंतर कोणीतरी तो बल्ब लावला तर आगीला निमंत्रण.

प्रत्यक्ष काम

सुरुवात मोजणीने. डोलकाठी पूर्ण उभी करून तिच्या शेंड्याला मोजपट्टी बांधली आणि ट्रान्समच्या वरच्या कडेच्या मध्यापर्यंतचं अंतर लिहून ठेवलं. डोलकाठीचा मागे झुकाव यावरून कळतो. दुरुस्तीने बोटीचा मूळ आकार, गुणधर्म किंवा काम बदलता कामा नये असा नियम आहे, तेव्हा हा आकडा आधी आणि नंतर जुळायला हवा. शिवाय सरळ गजाने नळीची खोली कडेला आणि मध्याला मोजली. मध्य ३ मिलीमीटर जास्त खोल निघाला. कडेची खोली ही मूळ पातळी. भरायचं ते तिथपर्यंतच.

इपॉक्सी वापरलं, पॉलिएस्टर रेझिन नाही. बोट पॉलिएस्टरची असली तरी जुन्या, पूर्ण सुकलेल्या थरावर नवं पॉलिएस्टर तितकं धरत नाही, आणि लाकडावर तर नाहीच. हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करणारा दुसरा भाग, संथ प्रकारचा घ्यावा आणि काम सकाळी सातला सुरू करावं. ३३ अंशांत पेल्यात ठेवलेलं १०० मिली मिश्रण दहा-पंधरा मिनिटांत धूर काढू लागतं. तेच पसरट थाळीत ओतलं तर दुप्पट वेळ मिळतो. प्रमाण डब्यावर छापलेलं, वजनाचं असेल तर वजनानेच, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर. हार्डनर जास्त घातला की लवकर सुकतं हा समज पॉलिएस्टरच्या सवयीतून येतो. इपॉक्सीत त्याने कायमचं मऊ, चिकट काम मिळतं.

आतली जागा ६० नंबरच्या पॉलिश पेपरने घासली. नळी खालून ८ सेंटीमीटर उंचीपर्यंत, कडी पूर्ण, आणि तळ कडीपासून १२ सेंटीमीटर लांबपर्यंत. चकाकी कुठेच उरता कामा नये. धूळ व्हॅक्यूमने ओढली, मग अ‍ॅसिटोन दोनदा, दर वेळी नवं फडकं. हातात लांब मोजे, तोंडाला रसायनांची वाफ अडवणारा मुखवटा, कारण डोकं भोकावर आणि हात आत अशी बैठक असते. फायबरचा चुरा मनगटाला लागला तर दोन दिवस खाज जात नाही.

कडीखालच्या फटीत आधी पातळ इपॉक्सी जाड सुईच्या सिरिंजने सोडलं, सुमारे ३० मिली, पलीकडून डोकावेपर्यंत. त्यानंतर कोलॉइडल सिलिका (घट्टपणा आणणारी पूड) आणि बारीक तोडलेले काचतंतू घालून श्रीखंडाइतकं घट्ट केलेलं मिश्रण कडीभोवती भरलं आणि नळी-कडी, कडी-तळ या दोन्ही कोपऱ्यांना चमच्याच्या पाठीने गोलाई दिली, त्रिज्या साधारण २ सेंटीमीटर. कोपरा काटकोनात सोडला तर काचेचं कापड तिथे उचललं जातं आणि खाली हवा राहते. या भरावाला ९० मिली लागलं, तीन वेळा कालवून.

भराव चिकट असतानाच कापड. दर चौरस मीटरला २०० ग्रॅमचं विणलेलं काचेचं कापड, तिरकस कापलेल्या पट्ट्या, लांबी प्रत्येकी १५ सेंटीमीटर, रुंदी ७५, १०० आणि १२५ मिलीमीटर. तीन थर, आधी अरुंद आणि शेवटी रुंद. पट्टी बाहेरच प्लास्टिकवर भिजवायची, गुंडाळी करून आत न्यायची आणि नळीवरून तळावर उलगडायची. शेजारच्या पट्ट्या एकमेकींवर ३ सेंटीमीटर चढवायच्या. थरांच्या कडा पायऱ्यांसारख्या ठेवण्यामागे कारण आहे: तळाचा पत्रा एकेरी आणि लवचिक, त्याच्यावर एकदम जाड, कडक ठिगळ बसवलं की लाटांच्या माऱ्यात ठिगळाच्या कडेला तडा जातो. 'आणखी दोन थर टाकून देऊ' हा उत्साह इथे बोटीच्या विरोधात जातो. सगळं मिळून ३०० मिलीपेक्षा थोडं कमी इपॉक्सी आणि अर्ध्या चौरस मीटरपेक्षा कमी कापड लागलं. नव्या शिडाच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ.

दुसऱ्या दिवशी नळीचा तळ. नळी बोटीत किंचित मागे झुकलेली असते. बोट सपाट ठेवून इपॉक्सी ओतलं तर ते पाण्यासारखं समतल बसेल आणि डोलकाठीचं बूड त्याच्यावर एका कडेलाच टेकेल. म्हणून खालचा तुकडा नळीत उभा करून त्याला पाणसळ लावली, आणि काठी अगदी उभी होईपर्यंत बोटीच्या मागच्या भागाखाली पाचरी सारल्या. मग काठी काढून, नळीचा तळ काठीला गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने घासून, अ‍ॅसिटोनने पुसून, ६० मिलीमीटर व्यासाच्या कापडाच्या दोन चकत्या आणि सुमारे १० मिली इपॉक्सी घातलं. सुकल्यावर कडेची खोली आधीइतकीच आणि मध्य तिच्याशी समपातळीत आला. वर झीज सोसायला पातळ प्लास्टिकची चकती बसवायची असेल तर तिची जाडी चालू नियमपुस्तिका पाहूनच घ्यावी.

दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर मेणकट थर चढतो. तो अ‍ॅसिटोनने पसरतो, निघत नाही. साधं पाणी आणि भांडी घासायचा चोथा वापरावा, आणि त्यानंतरच पुढचा थर किंवा रंग.

बाकीची कामं पटकन झाली. बेलर सोडवून, जुनं सिलिकॉन खरवडून, बोटींसाठीच्या पॉलियुरेथेन सीलंटवर परत बसवला. सिलिकॉन लावणाऱ्यांना ते काढायलाही लावलं पाहिजे, कारण त्याचा अंश उरला की त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. बिजागरीचा स्क्रू जागीच फिरत होता. भोक मोठं करून घट्ट इपॉक्सी भरलं, सुकल्यावर योग्य मापाचं भोक पाडलं, स्क्रू सीलंट लावून बसवला. तपासणीचं झाकणही त्याच सीलंटवर. आणि कॉकपिटमधली ती पुटी ३ मिलीमीटर ड्रिलने काढून हवेचं भोक उघडं केलं, तार घालून आरपार असल्याची खात्री केली. सगळ्यात कमी कष्टाचं काम हेच, आणि ते राहून गेलं असतं तर नवी फट शोधून बोट पुन्हा प्यायला लागली असती.

चाचणी

पूर्ण घट्ट होण्यासाठी सात दिवस दिले. मग सगळ्या चाचण्या त्याच क्रमाने. मास्ट स्टेपमधलं पाणी, वाऱ्याने उडू नये म्हणून झाकून, चोवीस तासांत हललं नाही. काठी खेचल्यावर तळ शांत, आवाज नाही. साबणात एकही बुडबुडा नाही. शेंड्यापासून ट्रान्समपर्यंतच्या अंतरात आधीच्या नोंदीशी ३ मिलीमीटरचा फरक, म्हणजे मोजपट्टी हातात धरण्याच्या चुकीइतका.

पाण्यातली पहिली फेरी मे महिन्यात, दुपारी चढणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात, १० ते १२ नॉट. दोन तास, मुद्दाम दोनदा उलटवून. उलट्या बोटीत हवेच्या भोकातून आणि बुचाच्या कडेने थोडं पाणी शिरतंच. बुचातून निघालं ते १५० मिलीच्या आसपास, एका स्पंजात मावलं. वजन ६१.५ किलो. दुसऱ्या फेरीला न उलटवता ४० मिली.

शीड बदललेलं नाही. या दोन फेऱ्यांत बोटीची चाल शेवटपर्यंत सारखी राहिली. वाऱ्यावर चढताना मात्र ती आसपासच्या चांगल्या बोटींपेक्षा थोडी खाली घसरते, आणि हे पहिल्या मिनिटापासून. हा दोष शिडाचा असू शकतो, किंवा डोलकाठीच्या वरच्या तुकड्याचा. त्या तुकड्याला सपाट फरशीवर लोळवल्यावर मध्याशी ४ मिलीमीटर उजेड दिसतो. अ‍ॅल्युमिनियमचे वरचे तुकडे व्हँगच्या (बूम खाली खेचणाऱ्या दोरीच्या) ओढीने रिव्हेटजवळ वाकतात, हे जुनंच दुखणं. तो तुकडा आधी सरळ करायचा किंवा बदलायचा, आणि शिडाचा निर्णय त्यानंतर.

पावसाळ्यासाठी बोट छपराखाली उपडी, लाकडी ओंडक्यांवर, नळीच्या खालच्या भागावर भार येणार नाही अशी ठेवली आहे. बूच आणि तपासणीचं झाकण दोन्ही काढून एका पिशवीत, पिशवी कॉकपिटमध्ये बांधलेली. भोकांवर बारीक जाळी, कारण बंद पोकळी गांधीलमाशांना फार आवडते. ऑक्टोबरमध्ये पाण्यात उतरवण्याआधी पुन्हा दोन काट्यांवर टांगायची. डेकच्या फोममधलं उरलेलं पाणी तोवर किती उतरलं ते तेव्हा कळेल.